खोली सोडली, डिपॉझिट अडकलं!

शेवटचा पेपर झाला की शेगाव, खामगाव, चिखली, बुलडाण्याच्या गल्ल्यांमध्ये सारखंच चित्र दिसतं. गाद्यांच्या वळकट्या, सुतळीनं बांधलेली पुस्तकं, एक बादली, जुना कूलर आणि दारात उभा ऑटो. खोली रिकामी होते, चावी मालकाच्या हातात जाते. मग तुम्ही जरा चाचरतच विचारता, ‘काका, ते डिपॉझिट...?’

पुढचं उत्तर तुम्हाला पाठ असेल. ‘लाइट बिल येऊ दे, मग पाहू.’ बिल येतं. मग ‘रंग द्यावा लागला’. मग ‘नवीन पोरं आली की देतो’. नवीन पोरं येतात, त्यांचंही डिपॉझिट जमा होतं. तुमचा फोन मात्र आता काका उचलत नाहीत.

कुणाचे तीन हजार असतात, कुणाचे पाच. पुण्यात, संभाजीनगरात शिकायला गेलेल्यांचे त्याहून बरेच जास्त. ‘जाऊ दे रे, पाच हजारांसाठी कोण भांडत बसेल’ असं म्हणणारा एखादा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला एवढंच सांगा: २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे पाच हजारांचं डिपॉझिट हे जवळपास क्विंटलभर सोयाबीन झालं. संग्रामपूर किंवा मोताळ्याकडचा बाप ते पिकवून, काढून, बाजार समितीत नेऊन विकतो, तेव्हा कुठे तुमच्या खोलीची सोय होते. ते ‘जाऊ दे’ म्हणायचा अधिकार तुमचा एकट्याचा नाही.

पैसे कोणाचे?

डिपॉझिट म्हणजे मालकाची कमाई नाही. ते तुमचेच पैसे, त्याच्याकडे हमी म्हणून ठेवलेले. भाडं थकलं, बिल बुडवलं, काही मोडलं, तर त्यातून वळतं करायचं आणि उरलेले परत द्यायचे. यात मालकाचा हक्कही आहे, तो मान्य करू. खिडकीची काच फुटली असेल, बेसिन तडकलं असेल, दोन महिन्यांचं भाडं बाकी असेल, तर तेवढे पैसे कापले जाणारच. शेवटचं लाइट बिल खोली सोडल्यावर येतं, तोवर थोडी रक्कम रोखून धरणंही समजू शकतं.

वाद होतो तो वापरानं आलेल्या झिजेवर. भिंतीचा रंग उडाला, फरशी मळली, नळाचा वॉशर गेला, पंखा करकरायला लागला. हे नुकसान की वापर? याचं उत्तर फार जुनं आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात भाडेकरूची जबाबदारी सांगितली आहे: जागा मिळाली तशी परत द्यावी, मात्र योग्य वापरातून होणारी झीज आणि कुणाच्याच हाती नसलेल्या आपत्तीमुळे झालेले बदल त्यातून वगळून. तीन वर्षं माणसं राहिली तर भिंत तीन वर्षं जुनी होणारच. पुढच्या भाडेकरूसाठी रंग द्यायचा तर तो मालकाचा खर्च. ‘सोडताना रंगाचे पैसे भाडेकरू देईल’ असं तुमच्या करारात लिहिलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. चार पानं तर असतात.

दुसरा नेहमीचा डाव म्हणजे, ‘महिनाभर आधी सांगितलं नाही, म्हणून सगळं डिपॉझिट जप्त.’ नोटीसची अट करारात असेल आणि तुम्ही ती पाळली नसेल, तर मालक काहीतरी मागू शकतो. पण काय वाटेल ते नाही. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की अट मोडली तर वाजवी भरपाई मिळते, आणि कागदावर लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. पंधरा दिवस उशिरा सांगितलं म्हणून तीन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम गिळायची, याला वाजवी कसं म्हणायचं, ते मालकानं समजावून सांगावं.

अकरा महिन्यांची गंमत

‘करार अकरा महिन्यांचाच का?’ हे कधी विचारलंय? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो त्रास आणि खर्च चुकवायला अकराची पळवाट निघाली आणि देशभर रूढ झाली. पण महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बुजली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. (त्याआधी मुंबईकडे एक कायदा, मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा दुसरा आणि आपल्या वऱ्हाडात मध्य प्रांत-बेरारचा तिसरा, अशी तीन राज्यांची तीन तोंडं होती.) या कायद्याचं ५५ वं कलम तुमच्या फार कामाचं आहे. करार लेखीच हवा, नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची.

पुढचं वाक्य नीट वाचा. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर येते. शिवाय करार न नोंदवणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ‘आपल्यात कागद कुठं होता?’ असं मालक ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात खरं तर तुम्ही म्हणायला हवं.

नोटरीकडून शिक्का मारून आणलेला स्टॅम्प पेपर म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार आता घरबसल्या ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क किती? एकूण भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम, या दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का. तीन हजार भाडं, सहा हजार डिपॉझिट, अकरा महिने असं धरलं तर हे शुल्क शंभराच्या आत-बाहेर येतं. नोंदणी फी वेगळी. चार पार्टनर असाल तर फार नाही. शिष्यवृत्ती आणि निर्वाहभत्त्याच्या योजनांमध्ये बाहेर खोली करून राहिल्याचा पुरावा मागतात, तेव्हाही हाच कागद उपयोगी पडतो. अकरावी-बारावीत असाल, अठरा पूर्ण नसतील, तर करारावर सही आईवडिलांची हवी. अज्ञानाचा करार कायद्यात टिकत नाही.

पार्टनर बदलले, हिशेब हरवला

विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये डिपॉझिट बुडतं ते बऱ्याचदा मालकामुळे नाही, तर आपल्या पद्धतीमुळे. पहिल्या वर्षी चौघांनी दोन-दोन हजार घातले. एकानं खोली सोडली, त्यानं आपले दोन हजार नव्या पार्टनरकडून घेतले. दुसऱ्यानं तसंच केलं. तीन वर्षांत चारही चेहरे बदलले. मालकाकडे आठ हजार आहेत, पण ते देणारा एकही जण आता खोलीत नाही. शेवटच्या चौघांनी मालकाला विचारलं की तो म्हणणार, ‘तुम्ही मला काय दिलं? ज्यानं दिलं त्याला पाठवा.’ तो खोटं बोलत नाहीये, हेच तर दुखणं आहे.

उपाय साधा आहे. पार्टनर बदलला की त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकायची: ‘काका, अमुकनं खोली सोडली, त्याच्या जागी तमुक आला, डिपॉझिटमधला त्याचा दोन हजारांचा वाटा आता याच्या नावानं.’ मालकाकडून ‘ठीक आहे’ आलं की झालं. एवढ्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही.

पैसे देतानाही तेच. शक्यतो यूपीआयनं द्या आणि शेरा लिहायच्या जागी ‘खोली डिपॉझिट’ लिहा. रोख दिले तर पावती मागा. भाड्यापोटी घेतलेल्या रकमेची पावती देणं हे मालकावर कायद्यानंच बंधन आहे, त्यामुळे मागायला लाजायचं काही कारण नाही. पावतीला नाही म्हणाले तर ‘काका, आज तुमच्याकडे डिपॉझिटचे पाच हजार दिले’ असा मेसेज तिथूनच करा. हे चॅट, हे स्क्रीनशॉट न्यायालयात चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे त्यासोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, एवढंच. म्हणून फोन बदलला तरी चॅट उडवू नका.

आणि मूळ मार्कशीट, टीसी, आधार कार्ड मालकाकडे ‘ठेव’ म्हणून कधीच देऊ नका. झेरॉक्स द्या.

चावी देण्याआधी

खोली घेताना दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, सोडताना पुन्हा काढा. भिंती, फरशी, नळ, पंखा, संडास-बाथरूम, मीटर. मीटरचं रीडिंग दिसायलाच हवं. मालक सबमीटरवर युनिटचा दर लावत असेल तर तो आधीच विचारून लिहून ठेवा. महावितरणचं बिल ग्राहक क्रमांकावरून कुणालाही ऑनलाइन पाहता येतं, त्यामुळे ‘बिल फार आलं’ हे नुसतं ऐकून घ्यायची गरज नाही.

शेवटच्या महिन्याचं भाडं न देता ‘डिपॉझिटमधून कापा’ म्हणायचं की नाही? निम्मी पोरं हेच करतात. मालकानं मेसेजवर हो म्हटलं असेल तर बिनधास्त करा, सगळ्यात सोपा हिशेब तोच. न विचारता केलं तर तुम्ही थकबाकीदार ठरता आणि बोलायची जागा घालवता.

‘पैसे दिल्याशिवाय चावी देणार नाही’ हा मार्ग मात्र धोक्याचा आहे. याच १९९९ च्या कायद्याचं २४ वं कलम म्हणतं की लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. पाच हजारांसाठी चावी अडवली आणि दोन महिने गेले, तर देणं तुमच्याच अंगावर येईल. चावी द्या, फोटो काढा आणि ‘आज अमुक तारखेला खोली रिकामी करून चावी दिली’ असा मेसेज टाका. त्या तारखेपासून घड्याळ मालकाच्या बाजूनं नाही, तुमच्या बाजूनं चालतं.

२०२० साली ही तारीखच हजारोंकडे नव्हती. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण मोठ्या भावाला-बहिणीला विचारा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यात शिकणारी आपल्याकडची पोरं दोन कपडे घेऊन गावी आली. सामान खोलीत, कुलूप बाहेर, भाडं चालू. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयानं आदेश काढला की मजूर आणि विद्यार्थ्यांना जागा सोडायला भाग पाडणाऱ्या मालकांवर कारवाई होईल. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं मालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं. ढकलायला, माफ करायला नव्हे. अनेकांनी ‘माफ’ असा अर्थ घेतला आणि पुढे डिपॉझिटमधून सगळं भाडं वळतं झाल्यावर भांडणं झाली. खोली सोडत असल्याचं ज्यांनी तेव्हाच लिहून कळवलं, त्यांच्या हातात निदान एक तारीख होती.

आता मागायचे कसे?

फोनवर भांडू नका. इन्स्टावर मालकाचा फोटो टाकून ‘चोर’ लिहू नका. बदनामीची तक्रार उलट तुमच्यावर यायची. सरळ पत्र लिहा. वकील लागत नाही. साधारण असं:

‘श्री. अमुक यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या अमुक पत्त्यावरील खोलीत मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत भाड्याने राहत होतो. सुरुवातीस आपणांस डिपॉझिट म्हणून रुपये इतके दिले होते. खोली रिकामी करून चावी अमुक तारखेस आपल्या ताब्यात दिली आहे. भाडे व वीजबिल पूर्ण भरलेले आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत वरील रक्कम खाली दिलेल्या खात्यात जमा करावी. काही रक्कम वजा करावयाची असल्यास तिचा तपशील व बिले लेखी द्यावीत. अन्यथा मला कायदेशीर मार्गाने वसुली करावी लागेल व त्याचा खर्च आपणांवर राहील.’

पोस्टातून पाठवा, पोच मिळेल अशा पद्धतीनं, आणि पावती जपून ठेवा. भाषा नम्र ठेवा, कारण हे पत्र उद्या न्यायाधीशही वाचतील. माझं मत विचाराल तर बरीच प्रकरणं इथेच मिटण्यासारखी असतात. मालक बहुतेकदा निवृत्त गुरुजी किंवा कर्ज काढून वरचा मजला चढवलेला शेतकरी असतो. डिपॉझिट त्यानं कुठेतरी खर्चून टाकलेलं असतं. गावात नाव खराब व्हावं असं त्याला वाटत नाही. तो दोन हप्ते मागेल. द्या, पण तारखा लिहून घ्या. चेक दिला आणि तो वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली तक्रार करता येते. या मुदती चुकवू नका.

पोलिस? नुसतं डिपॉझिट देत नाही म्हणून गेलात तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं सांगून परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. मात्र मालकानं तुमचं सामान आत ठेवून कुलूप लावलं किंवा धमकावलं, तर तो प्रकार निराळा. तेव्हा ११२ फिरवा.

पत्राला उत्तर आलं नाही तर पुढची पायरी विधी सेवा प्राधिकरण. जिल्ह्याचं कार्यालय बुलडाण्याला जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्याच्या न्यायालयांत तालुका समित्या असतात. तिथे ‘वादपूर्व प्रकरण’ म्हणून अर्ज द्यायचा, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच तडजोडीसाठी लोकअदालतीत न्यायचं. फी नाही. मालकाला तिथून बोलावणं जातं. तुमच्या फोनपेक्षा न्यायालयाच्या कागदाचं वजन वेगळंच असतं, हे सांगायला नको. तडजोड झाली तर लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याएवढाच पक्का मानला जातो आणि त्यावर अपील नाही. मात्र मालक आलाच नाही तर लोकअदालत त्याला भाग पाडू शकत नाही.

मग दावा. बुलडाणा जिल्ह्यातल्या खोलीसाठी दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर. खोली पुण्याची असेल तर दावाही तिकडेच, आणि इथे खर्चाचा विचार करावा लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमातींतले विद्यार्थी आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१००. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण इतके थांबूच नका. पुरावे आणि साक्षीदार दोन्ही पांगतात.

खासगी होस्टेल किंवा पीजीत राहिला असाल तर मात्र तुमचा रस्ता जास्त सोपा आहे. राहण्या-जेवणाची सोय पैसे घेऊन करणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ आहे. नुसत्या भाड्याच्या खोलीचा वाद ग्राहक आयोगापुढे सहसा टिकत नाही, पण मेस, सफाई, वॉर्डन असलेल्या होस्टेलचा टिकतो. आणि मुख्य म्हणजे २०१९ च्या या कायद्यानं तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली आहे. म्हणजे पुण्यातल्या होस्टेलनं पंधरा हजार अडकवले तर तुम्ही बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकता, आणि उत्तर द्यायला होस्टेलवाल्यानं इथपर्यंत यायचं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. नंतर होस्टेलकडून काय उत्तर आलं, की आलंच नाही, तेही तक्रारीला जोडा.